खिडक्यांचा मूळ रंग

सोमवार, ७ मार्च

आज ब्रनोहून आर्किटेक्ट आला. राडिम कुबीन. वय अडतीसच्या आसपास, दाढी, पायात डोंगर चढायचे बूट. महापौर नेडोमोवाबाईंनी त्याची ओळख करून देताना तीनदा 'आर्किटेक्टसाहेब' म्हटलं. मग माझ्याकडे हात करून, "आणि हे आपले वाकुल्का." आपले वाकुल्का. जसं आपलं मांजर.

नोंद नीट असावी म्हणून लिहून ठेवतो. झाओरलची मोज्यांची गिरणी १९३१ साली कारासेकच्या आराखड्यावर उभी राहिली. चार मजले. खांब वर जाऊन छत्रीसारखे उमलतात आणि थेट छत झेलतात, मध्ये तुळई नाही. उत्तरेला भिंत अशी नाहीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी चौकटीतली काच. निसटलेला टाका विणणाऱ्या बाईला दिवसाउजेडी दिसावा म्हणून. तिथे मी फिटर होतो. गिरणी बंद पडली तेव्हा किल्ल्या माझ्याकडे राहिल्या, आणि तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, दर शनिवारी मी ती लोकांना दाखवतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून आणि तिच्याकडूनच.

आता तिथे वाचनालय होणार. खिडक्यांना कोणता रंग द्यायचा ते वारसा कार्यालयाची माणसं २० एप्रिलला येऊन ठरवतील. ठरवायचंय काय त्यात? मूळ रंग राखाडी. जिन्याच्या चौकटी मी एकट्यानं तारेच्या ब्रशनं घासून नेमक्या त्याच राखाडीनं रंगवल्या आहेत. अकरा उन्हाळे गेले.

कुबीननं एका चौकटीवरून बोट फिरवलं. "वाकुल्कासाहेब, हात फार सफाईचा आहे तुमचा. पार पोलादापर्यंत घासलंत?"

"पोलादापर्यंत. अर्धवट काम मी करत नाही."

"सगळ्या चौकटी?"

"हात पोचला तिथपर्यंत सगळ्या."

त्यानं डोळे मिटून घेतले. प्रवासानं थकला असावा.

शनिवार, १२ मार्च

आजच्या फेरीला कुबीन तिकीट काढून आला. फुकट या म्हटलं तर ऐकेना. मी खांबांबद्दल बोलत असताना हा माणूस दुसऱ्या मजल्यावर फरशीवर चक्क उताणा झोपला. ओलोमोउत्सच्या दोन शिक्षिका होत्या, त्यांना वाटलं फेरीत असंच करायचं असतं. त्याही झोपल्या.

"वाकुल्कासाहेब," तो खालूनच म्हणाला, "छताची कड पाहिलीत? खिडकीकडे जाताना पातळ होत जाते. प्रकाश आत घसरत यावा म्हणून. केवढा धूर्त माणूस हा कारासेक."

"हो, ते आहेच," मी म्हणालो.

ते नव्हतं. म्हणजे होतं, पण मला माहीत नव्हतं. घरी येऊन आराखड्याच्या प्रतीवर पट्टी लावून पाहिलं. खांबापाशी बावीस सेंटिमीटर, खिडकीपाशी चौदा. बरोबर आहे त्याचं. इतकी वर्षं मी तिच्या छताखाली उभा आहे आणि एकदा आडवं व्हायचं सुचलं नाही. आणि हा आला, सहाव्या दिवशी झोपला, आणि तिनं त्याला दाखवलं.

जेवताना क्वेता म्हणाली, "तोंड का असं झालंय? सूप खारट आहे?"

"समज, तीस वर्षं मी तुझ्याबरोबर काढली आणि कोणी परका येऊन म्हणाला, यांच्या डाव्या कानामागे तीळ आहे. तर मला कसं वाटेल?"

"आहे का?"

"काय?"

"तीळ, ओल्दा. आहे का?"

उठून पाहावं लागलं. आहे.

बुधवार, १६ मार्च

जिन्याच्या अगदी वरच्या दोन झडपांपर्यंत माझी शिडी कधी पोचली नव्हती. कुबीननं परांची लावून घेतली आणि सर्जनच्या सुरीनं तिथला रंग थर थर करून खरवडला. गिरणीच्या शेवटच्या हिरव्याखाली जुना राखाडी. त्याच्याखाली तांबडा.

"तो शेंदूर," मी सांगितलं. "गंज लागू नये म्हणून पोलादाला आधी लावतात. कोणताही फिटर सांगेल."

"असेल," तो म्हणाला. "पण पावसानं इथले थर फार झिजलेत. शेंदूर खाली आणि तांबडा वर असे दोन वेगळे असतील, तर इथे कळणार नाही. कोणी न घासलेली एखादी जुनी चौकट हवी. उरली असेल का कुठे?"

नाही म्हणालो. आठवेना मला काही.

तांबड्या खिडक्या. अग्निशमन केंद्राला असतात तशा. बोलण्यात त्याची मिजास नसते, हेच मला खपत नाही. मिजास असती तर उत्तर देता आलं असतं. आणि गोष्ट साधी आहे. राखाडी ठरला तर बावीस वर्षं मी जे सांगितलं ते खरं. तांबडा ठरला तर हजारो लोकांना उभं करून मी थापा मारल्या, आणि शिवाय त्या दोन हातांनी रंगवल्या.

गुरुवार, २४ मार्च

शाळेतलं नळाचं काम लवकर संपलं (हल्ली पोट शाळेच्या देखभालीवर चालतं). घरी आलो तर अंगणात कुबीनची सायकल. दोघं काचघरात. क्वेता हसत होती, तसं ती आमच्या भावाच्या लग्नात हसली होती आणि त्यानंतर मी ऐकलेलं नाही. कुबीन सॅलडच्या रोपांशेजारी गुडघ्यांवर, नाक काचेला लावून. मला पाहून चटकन उठला. गुडघ्यांना माती.

"मुळे बघत होतो," तो म्हणाला.

"मुळे जमिनीत असतात," मी म्हणालो.

आमचं काचघर साधंसुधं नाही. चौऱ्याऐंशी साली जिना सोडून गिरणीच्या सगळ्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या, आणि काढलेल्या खिडक्या आठवडाभरात गावभर वाटल्या गेल्या. गिरणीतून घरी काही न नेणाऱ्या माणसाला तेव्हा लोक खुळा म्हणत. अर्ध्या ब्रेझोवकाचे टोमॅटो झाओरलच्या काचांखाली पिकले. मग प्लास्टिकचे पत्रे आले आणि एकेकानं ती काचघरं भंगारात घातली. माझं उभं आहे, कारण मी ते काटकोनात बांधलं होतं.

पण लिहायचं ते हे नव्हतं. तो कशाला आला होता हे क्वेताला विचारलं, तर म्हणते, "गप्पा मारायला. तुझ्याशी मारता येत नाहीत म्हणून माझ्याशी."

सोमवार, २८ मार्च. ईस्टर

कुबीन सकाळी साडेआठला दारात हजर. हातात विणलेल्या विलोच्या काड्यांचा चाबूक, तोही स्वतः विणलेला, आठ पदरी. मला सहा पदरीच येतो. रीतीप्रमाणे क्वेताच्या पोटऱ्यांवर हलकेच फटके मारले, वर्षभर ताजी राहा म्हणून गाणं म्हटलं, तेही पूर्ण, ब्रनोच्या माणसाला येऊ नये इतकं पूर्ण. तिनं त्याला रंगवलेलं अंडं दिलं आणि माझ्या सासऱ्यांची प्लमची दारू ओतली. मग पेला वर करून म्हणाली, "मी क्वेता. आता हे अहोजाहो पुरे."

"राडिम," तो म्हणाला. दोघांनी पेले भिडवले, गालाला गाल लावला आणि झालं. दोन मिनिटांत ती त्याला अरे म्हणते, तो तिला अगं.

मला मात्र 'वाकुल्कासाहेब, तुम्ही'. गिरणीच्या पहारेकऱ्याला तू म्हणतो. परांचीवाल्या पोरांना तू म्हणतो. नेडोमोवाबाईंनासुद्धा. सगळ्या गावात मी एकटा अंतरावर ठेवण्याजोगा.

तो गेल्यावर हे क्वेताला बोलून दाखवलं. तिनं टेबल पुसायचं थांबवलं.

"ओल्दा, वयानं मोठा कोण?"

"मी."

"मग आधी कोणी म्हणायचं असतं?"

"मोठ्यानं. ते मला माहीत आहे."

"मग म्हणालास?"

"मी का म्हणू? गरज काय मला?"

ती पुन्हा टेबल पुसायला लागली. स्वच्छच होतं ते.

रविवार, ३ एप्रिल

चर्चबाहेर नेडोमोवाबाई भेटल्या. वारसा कार्यालयाच्या बाईंचं म्हणणं, पावसात झिजलेल्या एका नमुन्यावर रंग ठरवता येत नाही. दुसरा पुरावा आला नाही तर माहितगार माणसाचा शब्द धरायचा. "म्हणजे तुमचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तो रंग. आर्किटेक्टसाहेबसुद्धा तेच म्हणाले."

आजचं बदक फार चांगलं झालं होतं. दोनदा घेतलं.

गुरुवार, १४ एप्रिल

बार्तोशोवा मावशींकडे गेलो. वय चौऱ्याण्णव. चौदाव्या वर्षी त्या गिरणीत बोटं शिवायला बसल्या, म्हणजे मोज्यांची. युद्धाआधी तिथे काम केलेलं गावात आता दुसरं कोणी नाही. माझ्या फेरीतल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याकडून आलेल्या आहेत. दरवर्षी त्यांच्या नामदिनाला, म्हणजे नावाच्या संताच्या दिवशी, जातो, आज उगाच गेलो. टेबलावर कोलाचे होते, गोल गोड पाव, प्लमच्या मुरांब्याचे, वर खसखस. ही कृती क्वेताची.

"तुझी बायको आली होती परवा," मावशी म्हणाल्या. "त्या दाढीवाल्या पोराला घेऊन. देखणा आहे रे. मी सत्तर वर्षांची असते तर सोडला नसता."

"काय विचारत होता?"

"खिडक्या कसल्या रंगाच्या होत्या म्हणून."

मी कोलाचा खाली ठेवला. "मग?"

"मग काय, तांबड्या. पिकलेल्या चेरीसारख्या. सकाळी डोंगरावरून उतरताना लांबून दिसायच्या. राखाडी फासला तो जर्मनांनी, चाळीस साली, विमानातून दिसू नये म्हणून. आम्हा पोरींना वाटलं गिरणी आजारी पडली."

"मावशी, बावीस वर्षं मी तुमच्याकडे येतोय. हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू विचारलंस कधी?" त्यांनी माझ्या बशीत अजून एक कोलाचा ठेवला. "तू येतोस तेव्हा तूच बोलतोस, ओल्द्रीशेक. ऐकायलाही बरं वाटतं. खिडक्या राखाडी होत्या म्हणून तू मला कितीदा सांगितलंयस. मला वाटलं, वाचून आला असेल कुठून."

चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईच्या आठवणीवर रंग ठरत नाही. हे कुबीनलाही माहीत असणार. पण तो आणि क्वेता, दोघं मिळून, कोलाचे बांधून घेऊन, माझ्या मावशींकडे. त्यांना भेटायला जाताना मी क्वेताला एकदाही बरोबर नेलेलं नाही. मी येते असं तिनं म्हटलं नव्हतं. म्हटलं असेलही.

रविवार, १७ एप्रिल

हे सगळं जसं झालं तसं लिहितो.

क्वेता चर्चला गेली. मी अंग दुखतंय म्हणालो. काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या काचघर आठवलं होतं. गिरणीची न घासलेली चौकट. तिची बाहेरची बाजू मी रंगवलेली आहे, पण बिजागरीच्या पट्टीमागे घासायचा ब्रश कोणाचाच पोचत नाही, कारखान्यात पोचला नव्हता आणि माझाही नाही. तिथे राखाडीखाली फक्त शेंदूर निघाला की संपला विषय. मावशींच्या चेरी राहतील मावशींकडे.

सुरी घेतली, तारेचा ब्रशही घेतला. का घेतला ते लिहीत नाही, मला माहीत आहे.

उजवीकडच्या तिसऱ्या झडपेची बिजागरी सैल केली. खाली खरवडायची गरज पडली नाही. तिथे नखाएवढा चौकोन आधीच कोणीतरी खरवडलेला होता. पायऱ्या पायऱ्यांनी. पहिली पायरी गिरणीचा शेवटचा हिरवा. दुसरी राखाडी. तिसरी केसाएवढी काळी, ती धुराड्याची काजळी, म्हणजे तिच्याखालचा रंग बरीच वर्षं उघड्यावर होता. चौथी तांबडी, चकचकीत, चेरीसारखी. आणि पाचवी तिच्याखाली, वेगळी, फिकी, शेंदरी. शेंदूर शेंदराच्या जागी होता. तांबडा त्याच्या वर होता. वरून पातळ मेण लावलेलं, थर उडू नयेत म्हणून. मेण वाळून कडक झालं होतं.

ब्रश हातात होता. दोन हात मारले असते तर सगळं पोलाद झालं असतं, आणि पोलाद कसं करायचं हे माझ्याइतकं कोणाला येतं? शब्द माझाच धरणार होते. मी ब्रश टेकवलासुद्धा. पण पायऱ्या फार सरळ होत्या. प्रत्येक दोन मिलिमीटर, कडा कुठे फाटलेली नाही. वाकड्यातिकड्या कामावर मला ब्रश मारता आला असता.

क्वेता परतली तेव्हा मी सॅलडच्या वाफ्याच्या कडेला बसलो होतो.

"मिळालं वाटतं," ती म्हणाली. चर्चचा कोट काढलाही नव्हता.

"केव्हाचं आहे हे?"

"ईस्टरच्या आधीचं."

"तू दाखवलंस त्याला."

"मी दाखवलं. त्यानं विचारलं, हे काचघर कशाचं केलंय, तर मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं?"

"मग तो बोलला का नाही? महिना होत आला. त्याला पुरावा हवा होता, मिळाला होता. नेडोमोवाबाईंना म्हणतो, वाकुल्का म्हणतील तो रंग."

क्वेतानं उलटी बादली ओढली आणि समोर बसली. "तो म्हणाला, खिडकी त्यांची आहे, गिरणी त्यांची आहे. त्यांनी सांगितलं तर शोभेल. मी सांगितलं तर ते पुन्हा शनिवारी तिथे पाऊल ठेवणार नाहीत."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुला काही सांगितलं तर तुला ते माहीत असतं, ओल्दा. नेहमीच. सापडू दिलं तरच मिळतं."

पुण्यकर्म करायला निघालाय माझ्यावर. अडतीस वर्षांचा पोरगा. मला शोध बक्षीस देतो, ईस्टरच्या अंड्यासारखा.

बुधवार, २० एप्रिल

काचघराची तिसरी झडप स्क्रू काढून उतरवली, घोंगडीत गुंडाळली आणि गिरणीत नेली. दुसऱ्या मजल्यावर टेबल मांडलं होतं. वारसा कार्यालयाच्या बाई, नेडोमोवाबाई, कुबीन, दोन नगरसेवक. क्वेताही आली होती, मागे खांबाला टेकून उभी.

मी घोंगडी उघडली. सांगितलं की मूळ रंग तांबडा. थर एकेक करून दाखवले. सांगितलं की राखाडी रंग चाळीस सालचा, जर्मनांच्या हुकमाचा, आणि तो मी जिन्याला अकरा वर्षं लावत होतो. हे वाक्य घरी म्हणून पाहिलं होतं तेव्हा सरळ आलं होतं. तिथे मध्येच थांबावं लागलं.

कुबीन पुढे वाकला. "अरे वा," तो म्हणाला. "पाच थर. हे मला कुठेच मिळालं नव्हतं."

नट म्हणून तो उपाशी मरेल.

वारसा कार्यालयाच्या बाई खूश. भिंग लावून पाहिलं, फोटो काढला. "अहवालात लिहू या, शोध ओल्द्रिख वाकुल्का यांचा. तुमचं नाव पाटीवरही येईल."

मी कुबीनकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. घेतलं असतं तर कोणी काही बोललं नसतं, क्वेतासुद्धा. पण अहवाल म्हणजे अहवाल. त्यात चूक मी कशी राहू देऊ?

"दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "हा खरवडलेला छेद माझा नाही. आर्किटेक्ट कुबीन यांचा आहे, चोवीस मार्चचा. मी पाहिला तेव्हा त्यांचं मेण वाळलेलं होतं. झडप माझी. छेद त्यांचा."

कुबीनचे कान तांबडे झाले. नेमका तोच तांबडा.

नेडोमोवाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "म्हणजे महिनाभर तुम्हा दोघांनाही हे—" मग म्हणाल्या, "जाऊ दे. पुरुषमाणसं." मागे क्वेता खोकली.

बाहेर पडताना मी त्याला जिन्यात गाठलं. "परत माझ्यावर अशी मेहेरबानी करायची नाही."

"नाही करणार, वाकुल्कासाहेब."

"ओल्दा," मी म्हणालो.

त्याला समजायला क्षण लागला. मग त्यानं हात पुढे केला. दारू नव्हती, पण हात दिला की रीत पुरी होते. आता तो मला तू म्हणतो. कानाला बरं लागत नाही. सवय होईल म्हणतात.

शनिवार, २३ एप्रिल

फेरीला चौदा जण. ब्रातिस्लावाचं एक जोडपं, बाकी आसपासचे. खांब दाखवले, छताची कड दाखवली, सगळ्यांना फरशीवर झोपवलं. जिन्यात आलो. इथे मी बावीस वर्षं एकच वाक्य म्हणत आलोय आणि ते तोंडात आपोआप तयार झालं. दाबलं. म्हणालो, "या चौकटी तुम्हाला राखाडी दिसतात. मूळच्या त्या तांबड्या होत्या, पिकलेल्या चेरीच्या रंगाच्या. उन्हाळ्यात पुन्हा तांबड्या होतील."

ब्रातिस्लावाच्या बाईंनी विचारलं, "हे कोणी शोधून काढलं?"

खाली दाराशी कुबीन उभा होता, सायकल धरून. त्याला ऐकू येत होतं की नाही माहीत नाही.

"कुबीन आणि वाकुल्का," मी सांगितलं.

त्याचं नाव आधी घेतलं. वर्णानुक्रमानं तसंच येतं.